फोनची गोधडी

मी काही लिहावं इतकं माझ्याकडे फारसं नाही, हे आधीच सांगतो. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेला मी पहिलाच, त्यामुळे लिहून कुणाला दाखवायची सवय नाही. विषयही किरकोळ आहे: कव्हरमध्ये ठेवून फोन चार्ज केला तर तो तापतो का. चुकलंमाकलं सांभाळून घ्यावं.

केंदूरला आमच्या घरी फोन पिशवीत चार्ज होतो. आई जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवते. उरलेल्या तुकड्यांची तिनं फोनसाठी जाड, चार पदरी पिशवी शिवली आणि वर बंद लावला. बोर्डाशेजारच्या खिळ्याला पिशवी, पिशवीत फोन, वरून आत सोडलेली वायर. फोन पडत नाही, धूळ बसत नाही. घरचा बटणांचा फोन त्यात कधी तापल्याचं आठवत नाही. मी दौंडला शिकायला निघालो तेव्हा माझ्या मोठ्या फोनलाही तिनं तशीच पिशवी दिली. खोलीवर आल्यावर मी सगळ्यात आधी खिळा ठोकला.

खोलीला वर पत्रा आहे. शेजारच्या खोल्यांतली मुलं आपापसांत असतात, सुट्टी लागली की निघून जातात. संध्याकाळी आई फोनवर "जेवलास का?" विचारते. कितीतरी दिवस असे गेले, की माझ्याशी कुणी बोललं ते तेवढंच.

उन्हाळ्यात एका पहाटे ताईला बाळंतपणासाठी शिरूरच्या दवाखान्यात नेलं. तिचं पहिलं बाळ जन्मल्यावर रडलंच नव्हतं. त्याबद्दल घरात कुणी बोलत नाही. मला जायचं होतं, पण दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकल होतं.

"तू नगं येऊ. झालं की मी फोन करते," आई म्हणाली. "फोन तेवढा चालू ठिव."

चालू राहावा म्हणूनच मी दुपारी तो चार्जिंगला लावला. प्लास्टिकचं कव्हर होतंच, वरून पिशवी. बराच वेळ काही वाजलं नाही म्हणून आत हात घातला, तर चटकाच बसला. फोन बंद पडला होता.

घरमालकीण मावशी दारातून बघत होत्या.

"काय रं, फोनची बाळंतीण केलीस व्हय? एवढ्या उन्हाचं गुंडाळून ठिवलंय!"

त्यांना ताईचं माहीत नव्हतं. मला हसता आलं नाही.

"माठावर ठिव घटकाभर. न्हाईतर वल्या फडक्यात बांध."

"पाणी जाईल आत, मावशी."

"मग बस त्याच्यापाशी हात जोडून!"

त्यांचा फोन मागावा, तर आईचा नंबर मला पाठ नव्हता. मी पिशवी काढली, कव्हर काढलं आणि फोन फरशीवर पालथा ठेवून खरंच शेजारी बसलो. अधूनमधून गालाला लावून बघायचो.

नंतर मी हे करून पाहिलंय. नुसत्या पातळ कव्हरात फोन कोमट होतो, पण चार्ज होतो. पिशवीत घातला की आतली उष्णता आतच राहते, त्यात वरचा पत्रा. कव्हरचा दोष किती आणि पिशवीचा किती, हे मला नीट सांगता येणार नाही. आता दोन्ही काढूनच लावतो.

निवल्यावर फोन सुरू झाला. आई लावून लावून दमली असेल असं वाटत होतं. पण मिस्ड कॉलचा एकही मेसेज आला नव्हता. कुणी लावलाच नव्हता. हायसं वाटायला हवं होतं, पण खोली आणखीच रिकामी वाटली. आपण लावावा, तर काय ऐकू येईल याची भीती.

दिवेलागणीला आईचा फोन आला.

"पोरगी झाली. सकाळीच."

"सकाळी? मग मला..."

"तू अभ्यासात असशील म्हनलं. समद्यांला कळवलं, तुझंच ऱ्हायलं बघ. तुझी पिशवी शिवली ना, त्याच लुगड्याच्या दुपट्यात गुंडाळलीय तिला."

"लई गुंडाळू नको आई, तापंल ती."

"आता तू शिकवनार व्हय मला?" आई हसली.

विचारायचं होतं ते अजून राहिलंच होतं.

"आई, रडली का ती?"

"रडली म्हंजी? सकाळधरनं गप न्हाई. ह्ये ऐक."