बुधवारची मंडळी

"तात्या, हे काय? पार्टी मुलांची आहे. हा म्हातारा कुठून आला?"

दिवाणसाहेब राजवाड्याच्या फाटकाबाहेर बोट दाखवत होते. मी तिकडे पाहिलं. एक म्हातारा कसला! आख्खा चढ माणसांनी भरला होता आणि खालून आणखी येतच होती.

मी तेव्हा जव्हारच्या राजवाड्यात मुदपाकखान्याचा कारभारी होतो. मुदपाकखाना म्हणजे राजघराण्याचं स्वयंपाकघर. शिधा काढून देणं, आचाऱ्यांवर ओरडणं आणि पंगत उठेपर्यंत जीव मुठीत धरून उभं राहणं, हे माझं काम. ओरडण्यात माझा हात कुणी धरला नसता.

धाकट्या ताईसाहेबांचा पाचवा वाढदिवस होता. आदल्या वर्षी त्या तापातून मरता मरता वाचल्या. तेव्हा राणीसाहेब नवस बोलल्या होत्या. पोर वाचली तर तिच्याच दिवशी जन्मलेल्या सगळ्या मुलांचा वाढदिवस तिच्याबरोबर करीन आणि आलेला एकही जण उपाशी परतणार नाही. आम्हा ऑफिसातल्या लोकांचा हिशेब सोपा. तीच तारीख, तेच साल, अशी मुलं असून असून किती असणार? मी एका पंगतीचा बेत केला. मसालेभात, जिलेबी, शिवाय मुंबईहून आणवलेला केक.

घोळ दवंडीत झाला. मोखाड्याकडच्या पाड्यांवर तारीख कोण विचारतो? मूल ज्या वारी जन्मलं तो त्याचा दिवस, आणि बहुतेक वेळा तेच नाव. सोमवारचा सोम्या, मंगळवारची मंगळी. दवंडीवाला ओरडला, "ताईसाहेबांच्या दिवशी जन्मलेल्यांना जेवण!" लोकांनी विचारलं, "कोनचा दिस?" ताईसाहेब बुधवारी जन्मल्या होत्या आणि यंदा वाढदिवसही बुधवारीच आला होता. तो म्हणाला, "बुधवार." झालं! सूर्यमाळ, पोशेरा, जिथे म्हणून बुध्या आणि बुधी होत्या, ते सगळे निघाले. कडेवरचे बुध्या, दात पडलेले बुध्या, नातवंडं झालेल्या बुधी.

मी त्या म्हाताऱ्याला म्हटलं, "बाबा, मुलांना बोलावलं होतं."

"मंग मी कोनाचा तरी पोरच ना?" तो म्हणाला. "नि बुधवारचाच आहां."

मी कपाळावर हात मारला.

"फाटक लावा," दिवाणसाहेब म्हणाले. "खरी पाच वर्षांची मुलं तेवढी आत घ्या."

"आणि नवस, साहेब?"

"कोठीत धान्य किती आहे ते बोला."

संस्थानच्या वाट्याचं नवं भात अजून यायचं होतं. कोठीचा तळ दिसत होता.

तेवढ्यात वाड्याच्या दारातल्या पडद्याआडून राणीसाहेबांचा आवाज आला. "तात्या, एक जरी माणूस उपाशी गेला तर माझ्या पोरीला..." पुढचं मला ऐकवलं नसतं.

मी पुन्हा फाटकावर गेलो आणि सरळ सांगून टाकलं. अन्न पुरत नाही, आणि कुणी उपाशी गेलं तर नवस मोडतो. पुढे बसलेली एक म्हातारी बुधी उठली. "येवढांच ना?" म्हणत तिनं पदराची गाठ सोडली. आत नागलीचं, म्हणजे नाचणीचं, पीठ होतं. पोरीच्या दिवसाला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून प्रत्येकानं काही ना काही आणलंच होतं. पीठ, कणी, वाल, कंद. ते माझ्या परातींत येऊन पडत होतं आणि मी, ओरडणारा माणूस, नुसता बघत उभा होतो.

चुलाणं पेटली. पेज रटरटू लागली. पण राणीसाहेबांचा जीव थाऱ्यावर नव्हता. "त्यांचंच पीठ त्यांना खाऊ घालून माझा नवस कसा फिटेल?"

मी हे म्हातारीला विचारलं. ती सहज म्हणाली, "तिच्या हातानं वाढलां तं तिचांच जेवन."

मी ते पडद्यापाशी जाऊन सांगितलं. तुम्हाला आज याचं काही वाटणार नाही. पण राणीसाहेबांचं नखही आजवर कुणा परक्यानं पाहिलं नव्हतं. गाडीत चढतानासुद्धा दोन्हीकडून कनाती धराव्या लागत. आणि पडदा सरला. राणीसाहेब पदर सावरत भर उन्हात बाहेर आल्या. माझ्या हातातला वाढायचा ओगराळा त्यांनी घेतला. दिवाणसाहेबांनी मान खाली घातली. देवाशप्पथ, तसं काही मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या वाढत गेल्या. पंगतीमागून पंगत, तान्ह्यापासून म्हाताऱ्यापर्यंत सगळ्या बुधवारांना. मी ओगराळा घ्यायला पुढे झालो. "तात्या, लांब व्हा," त्या म्हणाल्या. ताईसाहेब म्हातारीच्या मांडीवर बसून पेज ओरपत होत्या. केक मुंग्यांनी खाल्ला.

एकही जण उपाशी गेला नाही. सगळ्यात शेवटी राणीसाहेब बसल्या, तेव्हा तपेल्याला नुसती खरवड उरली होती. ती त्यांनी खाल्ली आणि हसून म्हणाल्या, "फिटला."

पुढच्या वर्षी दिवाणसाहेबांनी शहाणपणानं तारीख आणि साल घालून नवी ऑर्डर तयार केली. राणीसाहेबांनी ती पडद्याआडून ऐकून घेतली.

"तारीख खोडा," त्या म्हणाल्या. "बुधवार लिहा."

मी काय शिकलो? मोठी चुलाणं मंगळवारीच खणून ठेवावीत.