हवालदारांची शिट्टी काढून घ्यायला गेलो तेव्हा

आमच्या महाडच्या टीमने त्या हंगामात फुटबॉलचे पाच सामने खेळले आणि पाचही हरले. यात नवल काही नव्हतं. नवल हे, की पाचव्या सामन्यापर्यंत आम्हांला आशा होती.

आम्ही म्हणजे बघे. मी एका वकिलाकडे कारकून होतो. दुसरा बाजारातला न्हावी. तिसरे एक वैद्यबुवा. त्यांच्या काढ्याने कुणी बरं झाल्याचं गावात ऐकिवात नव्हतं, पण फुटबॉलच्या प्रत्येक दुखण्याचं निदान त्यांच्यापाशी तयार असे. आम्हां तिघांपैकी एकानेही कधी चेंडूला पाय लावलेला नव्हता. त्यामुळे आमची मतं फार पक्की होती.

भात कापून झालं की नदीकाठचं एक शेत मोकळं व्हायचं, तेच आमचं मैदान. शिमग्यापर्यंत खेळ चाले. धसकटं अनवाणी पायांना टोचत, म्हणून आमचे गडी पळताना उड्या मारत. लांबून बघणाऱ्याला वाटे, अकरा जणांच्या अंगात एकदमच आलंय. खेळताना कोण कुणाच्या अंगावर पडतो हे कुणी बघत नसे. पाणी प्यायची वेळ झाली की मात्र तांबे वेगळे निघत. चेंडू एकच होता, तो कुणाला बाटवता आला नाही.

या टीमला शिकवत ते एक पेन्शनर हवालदार. मूळचे पोलादपूरकडच्या कापडे गावचे. महाडात भाड्याच्या खोलीत राहत. पहिल्या मोठ्या लढाईत इराकातल्या बसऱ्याला जाऊन आलेले, आणि गोऱ्या पलटणींचा खेळ तिथे बघितलेला माणूस पंचक्रोशीत तोच एक. तेवढ्यावर आम्ही हार घेऊन गेलो आणि त्यांना गुरुस्थानी बसवलं. त्यांनी पहिला महिनाभर चेंडू पेटीतून बाहेरच काढला नाही. रोज सकाळी नुसतं लेफ्ट-राइट. "चेंडू झिजतो," म्हणायचे, "माणूस झिजत नाय." मग चेंडू निघाला, तेव्हा हुकूम सुटला की हवालदारांनी शिट्टी वाजवल्याशिवाय कुणी पुढे सरकायचं नाही.

दासगावच्या टीमविरुद्ध याचं फळ मिळालं. दासगावचे गडी होड्या हाकणारे, नुसत्या दंडांनी आमच्या दोघांना आडवे करतील असे. पण त्या दिवशी त्यांचा गोली घसरून पडला. आमचा पुढचा गडी बैलगाडीवाला होता. त्याच्या पायात चेंडू, समोर मोकळा गोल. आणि हा पठ्ठ्या थांबून हवालदारांकडे बघतोय. हवालदार तेव्हा तपकिरीची चिमूट नाकात घालत होते.

"मारू का?" गाडीवाला ओरडला.

हवालदारांना शिंक आली. ती आटपेपर्यंत गोली उठला, त्याने चेंडू उचलला आणि वर गाडीवाल्याला म्हणाला, "विचार, विचार. घरी जाऊन आयशीला पण विचार."

शेवटचा सामना पोलादपूरला होता. सात गोलांनी हरलो. त्यातला एक आमच्याच गोलीने आत लाथाडला. म्हणाला, दिशा चुकली. परतताना टीम आणि बघे एकाच गाडीत, हाकणारा तोच गाडीवाला. न्हाव्याची जीभ वस्तऱ्याहून धारदार. तो म्हणाला, "बैलांना खेळवलं असतं तर निदान एक तरी गोल झाला असता."

गाडीवाल्याने कासरा ओढला. "उतर."

"का रे?"

"माझ्या गाडीत बसून मला बोलतोस? बोलायचं तर चालत बोल."

न्हावी उतरला. तत्त्वासाठी वैद्यबुवाही उतरले, आणि त्या दोघांकडे बघून लाजेखातर मी. पुढचे तीन कोस आम्ही गाडीमागून धूळ खात चाललो आणि चालता चालता ठरवलं की या सगळ्याचं मूळ हवालदार आहेत. वैद्यबुवा म्हणाले, "रोग मस्तकात आहे, पायाला लेप लावून काय उपयोग?" हे त्यांचं एकमेव बरोबर ठरलेलं निदान असेल असं तेव्हा वाटलं.

ठराव मी लिहिला. कोर्टाची भाषा हाताला चांगली बसली होती. 'सबब हवालदार यांनी शिट्टी, चेंडू व हवा भरण्याचा पंप सदर गावकऱ्यांचे ताब्यात विनातक्रार द्यावा,' असा शेवट केला. खाली तिघांच्या सह्या. गावकरी कोण, हे कुणी विचारलं नाही.

हवालदार शिमग्याला कापड्याला गेले होते. आम्हीही गेलो. न्हावी वाटेत म्हणत होता, "शिमग्याचे दिवस हायत, दोन शिव्या जास्त गेल्या तरी चालतंय." प्रत्यक्षात त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा तिघांनीही वाकून रामराम केला. हवालदार गंजीफ्रॉक घालून गोठ्याचा कारवीचा कूड बांधत होते. त्यांच्या बायकोने, म्हणजे काकींनी, पाणी दिलं, गूळ दिला, आणि पदर सावरत विचारलं, "एवढ्या लांबून कशाला आलात रे?"

मी ठराव काढला. हवालदार हातातला सुंभ खाली ठेवून अटेन्शनमध्ये उभे राहिले, आणि मी वाचून संपेपर्यंत तसेच उभे. मला माझ्याच अक्षराची लाज वाटू लागली. 'सबब' म्हणताना आवाज चिरकला.

तेवढ्यात काकी हसायला लागल्या. "अगो बाई! ह्यांच्याकडनं फुटबॉल शिकत होता? ह्यांनी कधी खेळलाय तो?"

"म्हणजे?" वैद्यबुवा म्हणाले.

"खेचरं होती ह्यांच्याकडं. दाणागोटा करायचे. खेळणारे वेगळे."

हवालदारांनी काकींकडे बघितलं, मग आमच्याकडे, मग कुडाकडे. "खरं हाय," ते म्हणाले. "ऐतवारी गोरे वाळूत खेळायचे. मी खेचरं घेऊन कडेला उभा. एकदा चेंडू माझ्याकडे आला. मी लाथ मारली. सरळ त्यांच्या कप्तानाच्या पायात. त्याने हात वर केला माझ्याकडे बघून. तेवढीच एक लाथ. आणि लेफ्ट-राइट म्हणाल, तर ते आम्हां सगळ्यांनाच शिकवलेलं."

वैद्यबुवा लाल झाले. "म्हणजे तुम्ही गावाला फसवलंत!"

"मला कुणी विचारलं कुठे? तुम्हीच आलात हार घेऊन."

हे खरं होतं. हार घेऊन गेलो ते आम्हीच. न्हाव्याने गुळाचा खडा तोंडात टाकला आणि म्हणाला, "मग तुम्ही आमच्यातलेच की हो! कडेला उभं राहून बोंबलणारे."

हवालदारांनी आत जाऊन पेटी आणली आणि शिट्टी पुढे केली. "घ्या. कोण घेतो?"

न्हाव्याला दुकान आठवलं. वैद्यबुवांना रोगी आठवले, जे नव्हतेच. राहिलो मी. सही माझी पहिली होती. शिट्टी घेताना मला अभिमान वाटला, हे कबूल करतो. इतका, की परतीच्या वाटेवर मी ती दोनदा वाजवून बघितली.

पुढच्या हंगामात मला कळलं की फुटबॉल बांधावरून दिसतो तेवढा सोपा नसतो. मी लेफ्ट-राइट बंद केलं आणि गड्यांना मोकळं सोडलं. ते इतके मोकळे झाले की अकराच्या अकरा चेंडूमागे धावू लागले, गोलीसुद्धा. पहिले दोन सामने आम्ही आधीपेक्षा वाईट हरलो. न्हाव्याच्या दुकानात आता माझी हजामत होऊ लागली, ती नुसती दाढीची नव्हे. आणि बाकावर मधोमध बसून सगळ्यांत मोठ्याने बोलणारे कोण? हवालदार.

"कारकून हाय तो," ते म्हणत. "त्याला चेंडू दिसत नाय, कागद दिसतो."

राग आला. पण तिसरा सामना दासगावशी होता आणि तो त्यांच्यामुळेच निभावला. बांधावर उभा राहिलेला तो माणूस वेगळाच होता. हाफटाइमनंतर त्यांनी जे ओरडायला सुरुवात केली ते थांबेनात. "अरे मधे काय मरता सगळे, कडेला जा! कडेला! त्याचा डावा पाय कच्चा हाय, दिसत नाय?" मैदानाच्या कडेला उभं राहून त्यांनी जेवढा खेळ बघितला होता तेवढा गावात कुणी बघितला नव्हता, आणि आम्ही त्यांना नेमके तिथून उचलून खुर्चीवर बसवलं होतं.

मी शिट्टी फुंकत होतो ती कुणी ऐकत नव्हतं. गाडीवाला कडेने सुटला. या वेळी त्याने कुणाकडेच बघितलं नाही. चेंडू दोन बांबूंच्या मधून गेला आणि पलीकडे नदीत पडला. गोल झाल्याचा आनंद करावा की चेंडू वाचवावा, हे टीमला कळेना; निम्मे नाचले, निम्म्यांनी नदीत उड्या मारल्या. चेंडू निघेपर्यंत एवढा वेळ गेला की दासगावकरांचा धीर सुटला. एक-शून्य. आमचा पहिला विजय.

सगळ्यांनी हवालदारांना खांद्यावर घेतलं. मी चेंडू पुसत उभा होतो. मत्सर वाटला का? वाटला. थोडं हलकंही वाटलं. न्हावी माझ्याजवळ येऊन म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नको रे. तुझं अक्षर चांगलं हाय."

त्यापुढे टीम फार टिकली नाही. शेतमालकाने भातानंतर त्या शेतात वाल पेरला. आम्ही विनवण्या केल्या, तो म्हणाला, "तुमच्या खेळापेक्षा वाल बरा, निदान हाती काही लागतं तरी." थंडीत त्याच शेताच्या बांधावर बसून आम्ही मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा खाल्ल्या आणि न झालेल्या हंगामावर वाद घातला. हवालदारांचं म्हणणं, खेळलो असतो तर पोलादपूरला हरवलं असतं. वैद्यबुवांचं म्हणणं, तीन गोलांनी हरलो असतो. दोघांचं एकाच गोष्टीवर एकमत होतं, की गोल बसले असते तर चूक माझी असती.