जनरेटरवाल्याचं एक गाणं

शनिवार, संध्याकाळचे चार वाजून चाळीस मिनिटं. किहीमच्या एका नारळाच्या वाडीत हर्षद म्हात्रे जनरेटरचं ऑइल तपासत होता. दोनशे फुटांवर, वाळूच्या कडेला, मुंबईहून आलेल्या एका रॉक बँडचं स्टेज होतं. घरघर गाण्यात येऊ नये म्हणून जनरेटर असा लांब ठेवतात. त्यामुळे या कामाच्या चार वर्षांत हर्षदने सगळे कार्यक्रम ऐकले, पाहिला एकही नाही.

हर्षद नागावचा, वय त्रेचाळीस. अकरा वर्षं तो हळदीच्या बँजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचा. मग हळदीत डीजे आला, पार्टी मोडली, ऑक्टोपॅड माळ्यावर गेला. आज एक तरी गाणं समोर उभं राहून बघायचं, माणसं हातानं वाजवताना बघायची, असं त्याने ठरवलं होतं. इस्त्रीचा शर्ट पिशवीतून आणला होता. कार्यक्रमाची व्यवस्था बघणाऱ्या हेमालीने शेवटच्या गाण्यापुरती सुट्टी दिली होती. तेवढा वेळ जनरेटर लाइटवाला प्रज्योत सांभाळणार होता.

"दादूस, शर्ट बघून वाटतंय तूच गाणार हायस," प्रज्योत म्हणाला.

"तू व्होल्टेजचा काटा बघ. मना नको बघू."

पाचला बँड सुरू झाला. ड्रमचा ठोका जोरात पडला की इंजिनाचा आवाज किंचित बसायचा. हर्षदची दोन बोटं जनरेटरच्या पत्र्यावर त्याच्याबरोबर चालत होती.

पावणेसहाला गायकाने शेवटचं गाणं सांगितलं.

"जा की," प्रज्योत म्हणाला.

"जातो रं. हात तरी धुऊ दे."

हळदीत शेवटचं गाणं जाहीर झालं की पुढे तासभर वाजतं. नवऱ्याचा मामा आडवा येतो, मावश्या वाजवणाऱ्यांची वाट अडवतात. अकरा वर्षांत शेवटचं गाणं एकदाही शेवटचं ठरलं नव्हतं. हर्षदने डिझेलचा वास जाईपर्यंत दोनदा साबण लावला, शर्ट बदलला, केस विंचरले. गाणं संपल्याच्या टाळ्या त्याला वाटेतच ऐकू आल्या. तो स्टेजसमोर जाऊन पुढच्या गाण्याची वाट बघत उभा राहिला.

ड्रम वाजवणारी मुलगी झांजा काढून पिशवीत भरत होती.

"आता पुढचं कुठलं?" त्याने विचारलं.

"झालं ना, काका. तेच शेवटचं होतं."

तो थोडा वेळ ड्रमच्या कातड्यावरच्या काठ्यांच्या खुणा बघत राहिला.

"तुम्ही वाजवता?"

"वाजवायचो."

तेवढ्यात हेमाली आली. सामान आवरायला लाइट लागेल, जनरेटर अजून अर्धा तास चालू ठेवा, म्हणाली. हर्षद वाडीत परतला.

"कसा होता बँड?" प्रज्योतने विचारलं.

"माणसं चांगली हायत," हर्षद म्हणाला आणि शर्टाच्या बाह्या दुमडून काट्यासमोर बसला.

उद्या हाच जनरेटर नागावात एका हळदीला आहे. दुपारी तीनला पोचवायचा. डीजे सहाला सुरू होतो.