आग्नेय कोपऱ्यातली फरशी

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी रॉकेलचा वास येतो.

नव्वदीची सुरुवातीची वर्षं. मी डोंबिवलीत उपनिरीक्षक होतो. मुंबईतलं घर आवाक्याबाहेर गेलेली माणसं आमच्या हद्दीत भराभर उठणाऱ्या इमारतींत खोल्या घेत होती. एका दुपारी पोलीस ठाण्यात फोन आला. एका तळमजल्यावर दोन कुटुंबं भिडली होती आणि बाई पेटवून घ्यायची भाषा करत होती.

आम्ही पोचलो तेव्हा दारात सामानाचा टेम्पो उभा होता. कळव्याच्या चाळीतली भाड्याची खोली सोडून आलेले एक गृहस्थ हातात पहार घेऊन उभे होते. उंबऱ्याच्या आत एक बाई, हातात रॉकेलचा डबा.

"पुढं येऊ नका साहेब. मेले तरच बाहेर निघेन."

"ताई, तुम्हाला कोणी हात लावत नाही. डबा खाली ठेवा."

"आधी त्यांना पहार ठेवू दे."

गृहस्थांनी पहार टाकली. "ठेवली. पण खोली माझी आहे. चाळीत आज दुसरा भाडेकरू आला. पोरांना घेऊन जाऊ कुठं?"

हवालदारानं डबा काढून घेतला. दोघांकडे त्याच खोलीचा, त्याच एजंटाचा करारनामा होता. नोंदणी एकाचीही नव्हती.

एजंटाला ठाण्यात आणलं. तो शांतपणे चहा पीत म्हणाला, "चावी मी फक्त बाईंना दिली. काकांनी आत पाऊलही टाकलेलं नाही. त्यांच्या कागदावरची सही माझी नाही. घरासाठी माणूस काय वाटेल ते बोलतो, साहेब."

आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे असेल, कागदावर माझा फार विश्वास. इथे कागदच पुरेना. मी दोघांचे जबाब वेगवेगळ्या खोलीत घेतले.

बाई म्हणाली, "वास्तुशांतीपुरती एक दिवस चावी दिली. नळ आला की ताबा, म्हणाला. पूजा झाली म्हणजे घर आपलंच ना? शेवटी धीर सुटला. चावीची नक्कल करून ठेवली होती, आले राहायला."

गृहस्थांचीही हकीकत तीच. एक दिवस चावी, पूजा, चावी परत. पूजेसाठी फरशीखालचा खड्डा एजंटाच्या गवंड्यानं आधीच करून ठेवलेला.

वास्तुशांतीत वास्तुपुरुषाची छोटी प्रतिमा डबीत घालून घराच्या आग्नेय कोपऱ्यात फरशीखाली पुरतात. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. डबीत प्रतिमेबरोबर काय ठेवलंत?

बाई लगेच म्हणाली, "माझ्या आईचा पोवळ्याचा मणी."

गृहस्थ जरा घुटमळले. "गावच्या शेतातली चिमूटभर माती. शेत विकूनच खोली घेतली ना."

पंचांना घेऊन आम्ही परत त्या खोलीत गेलो. एजंट दाराशी उभा. फरशी उचलली. वरच्या डबीत काळी माती निघाली. वाळू बाजूला केली, तर दुसऱ्या डबीत पोवळं.

"सही खोटी म्हणालास. ही माती कोणी पुरली?" मी विचारलं.

पंचनामा लिहायला घेतला, तेवढ्यात हवालदार म्हणाला, "साहेब, वाळू अजून भुसभुशीत लागतेय."

आणखी खाली तिसरी डबी होती. प्रतिमेशेजारी लहान मुलाच्या वाळ्यातला घुंगरू. बाई आणि ते गृहस्थ, दोघंही एकमेकांकडे बघत राहिले.

"ही कोणाची?"

एजंटानं कपाळ पुसलं. "सांगतो साहेब."

फसवणुकीचा गुन्हा दाखल झाला. खोलीला सील लागलं. बाई भावाकडे गेली, टेम्पो कुठे गेला मला ठाऊक नाही. गुन्हा उघडकीला आला, म्हणून शाबासकी मिळाली. पण त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. आम्ही गुन्हेगार पकडतो, घर देऊ शकत नाही. आणि घराला आसुसलेला माणूस मुहूर्त तपासून घेतो, कागद तपासायचं धाडस त्याला होत नाही. कागद खोटा निघाला तर स्वप्न मोडेल, ही भीती असते.

दुसऱ्या दिवशी तिसऱ्या कुटुंबाचा जबाब घ्यायला बाळकुमला गेलो. साध्या कपड्यांत होतो. पत्र्याच्या भाड्याच्या खोलीबाहेर एक तरुण बाई कपडे वाळत घालत होती. तिच्या पायाशी रांगणाऱ्या मुलाच्या एका वाळ्यात घुंगरू नव्हता. मी एजंटाचं नाव घेतलं मात्र, तिचा चेहरा उजळला. पदराला हात पुसत ती म्हणाली,

"त्यांनी पाठवलं होय? आला का आमचा नळ?"