दर्भाचा कावळा

आईच्या तिरडीचा बांबू माझ्या खांद्याला टेकला होता. भार अजून यायचा होता. तेवढ्यात नानाकाकांनी तो वरच्या वर उचलला आणि दुसऱ्या हाताने माझा दंड धरून मला बाजूला केलं.

"तू नाही," ते म्हणाले. "तुह्या खांद्यानं वहिनीले गती भेटन का? मागं राहा. चांगला मागं."

मी थोरला मुलगा. पन्नाशी उलटलेला. भोवती सगळे नातेवाईक, शेजारी, माझ्या कारखान्यातली माणसं. अग्नीचं मडकं धाकट्या भावाच्या, सुधीरच्या हातात दिलं गेलं. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्या जागी जो माणूस तिरडीला लागला, तो आईला ओळखतही नव्हता. शेजारच्यांकडे आलेला पाहुणा होता. उंची जुळत होती, म्हणून त्याला बोलावलं.

आई माझ्याकडे राहत होती आणि माझ्याच घरी गेली. तरी माझ्या दारातून तिला निघू दिलं नाही. त्या घरात 'त्यांच्या', म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या, प्रार्थना होतात, म्हणून तिला गाडीत घालून रायपूरच्या दुसऱ्या टोकाला, सुधीरच्या दारी नेलं.

स्मशानाच्या फाटकाबाहेर मी उभा राहिलो. आमच्या संगतीतली, म्हणजे दर गुरुवारी एकत्र प्रार्थना करणारी, पाचसहा माणसं तिथे आली. त्यांनी गाणं म्हटलं नाही, प्रार्थना केली नाही. दुसऱ्याच्या विधीत आपला आवाज मिसळू नये, एवढी समज त्यांना होती. सुशीला दीदी डोक्यावर पदर घेऊन माझ्या शेजारी उभी राहिली.

सगळं आटोपल्यावर नानाकाका बाहेर आले. त्यांनी त्या घोळक्याकडे हनुवटीने दाखवलं.

"हे कोण लोकं?"

मी म्हणालो, "ओळखीचे आहेत."

दीदीला मराठी कळते. तिने ऐकलं. मग जमिनीकडे पाहत म्हणाली, "चल भैया, घाम बाढ़त हे." ऊन वाढतंय, चल. एवढंच.

ही ओळखीची बाई माझी कोण होती, ते इथे सांगितलं पाहिजे.

मी सिलतऱ्याच्या एका कारखान्यात भट्टीवर काम करतो. भट्टीजवळ माणूस ओरडूनच बोलतो. मी घरीही तसाच बोलत असे. बायको गेली आणि माझा तो आवाजही गेला. नातलग तेरवीपर्यंत होते. नंतर प्रत्येकाला आपापलं घर होतं. त्यात त्यांचा दोष नाही. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. आई दारात बसून नुसती माझ्या पाठीकडे बघायची.

सुशीला दीदी आमच्याच पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहते. अंगणवाडीत मदतनीस आहे. एके दिवशी ती वाडग्यात बासी घेऊन आली, म्हणजे रात्रीचा पाण्यात भिजवलेला भात, वर कांदा आणि चटणी. वाडगा ठेवला आणि आईजवळ बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिने येशूचं नाव फार उशिरा घेतलं, तेही मीच विचारलं तेव्हा. पुढे एका गुरुवारी मी तिच्या घरच्या बैठकीला गेलो. तिथे एक वेल्डर माझं नाव घेऊन प्रार्थना करू लागला आणि करता करता रडला. मी त्याचा कोणीही नव्हतो. माझ्या दुःखासाठी एक परका माणूस डोळे पुसतो आहे, हे पाहून मी इतक्या महिन्यांनंतर पहिल्यांदा रडलो. ज्याच्या नावाने हे लोक असे जमतात, त्याच्या पायाशी मी त्यानंतर बसलो. आजही बसतो. मला कोणी काही दिलं नाही आणि काही मागितलंही नाही.

नात्यात मात्र बातमी वेगळी पसरली. लग्नकार्यात मला बघून कोणीतरी म्हणे, "आले का, पोत्यावर गेलेले?" तांदळाच्या पोत्यासाठी धर्म सोडला, असा त्याचा अर्थ. लोक हसत. मी मान खाली घाली.

आईने तिचे देव सोडले नाहीत. तिला कोणी सोडायला सांगितलंही नाही. ती अंथरुणाला खिळली तेव्हा सुशीला दीदीच येऊन तिच्या तुळशीला पाणी घालायची. आईला कुशीवर वळवायची, आंघोळ घालायची, पाठीच्या जखमा पुसायची. आई कण्हत कण्हत चेष्टा करी: "ही माही ख्रिस्ती पोट्टी. धुते तं असं धुते, जसं गंज घासून राहिली." दीदी म्हणे, "हव दाई, गंज तो चमकबे करही." हो आई, भांडं घासलं की चमकणारच. दोघी हसत. त्या दिवसांत नानाकाका एकदा येऊन गेले. उंबऱ्याच्या आत आले नाहीत.

अशा बाईला मी 'ओळखीची' म्हणालो.

दहाव्या दिवसासाठी सुधीरचा फोन आला. "दादा, घाटावर येजो. पण काका म्हणतात, जरा लांब उभा राहजो." मी गेलो आणि लांब उभा राहिलो. प्रभूने मला नम्र केलं आहे, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. अपमान गिळणं म्हणजेच क्षमा करणं, असं मला खरोखर वाटत असे.

खारून नदीच्या काठावर गुरुजींनी पिंड मांडला. सगळे मागे सरकले. कावळे होते. समोरच्या बाभळीवर बसले होते. एकही खाली उतरला नाही.

मेलेल्याची इच्छा राहिली असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्याकडे मानतात. मग एकेकाने पुढे होऊन शब्द द्यायचा असतो. सुधीर म्हणाला, "आई, नेहाचं लग्न थाटात करीन." कावळा हलला नाही. त्याची बायको म्हणाली, "तुमची तुळस माह्या अंगणात आणते." मावशीने पैठणीचा विषय काढला. तरी नाही.

ऊन चढत होतं. गुरुजी वयस्कर, शांत गृहस्थ. ते म्हणाले, "कधी कधी नाही शिवत. दर्भाचा कावळा करू, त्याचा स्पर्श चालतो. शास्त्रात सोय आहे."

"थांबा गुरुजी," नानाकाका म्हणाले. मग वळून मला हाक मारली. "इकडे ये बे."

मी पुढे गेलो.

"वहिनीचा जीव तुह्यात अडकला आहे. दिसून नाही राहिलं का? इथं, सगळ्यांसमोर, मायच्या पिंडासमोर म्हण, 'मी ते सोडलं.' इतकंच म्हण. अंघोळ कर, पुढचं सगळं तुह्याच हातानं होऊ दे. तू थोरला आहेस."

 सुधीर हळूच म्हणाला, "दादा, काहून ताणतो? आईसाठी." त्याची मुलगी नेहा मला फार जीव लावते. ती माझ्याजवळ आली. तिचे डोळे सुजले होते. "बड़े पापा, बोल दीजिए ना. सिर्फ बोलना ही तो है."

सिर्फ बोलना. त्या क्षणी मी डळमळलो, हे लपवणार नाही. आईचा पिंड समोर होता. तो माझ्या हाताने दिला जाईल, मी पुन्हा थोरला होईन, तिरडीपाशी हिसकावलेलं सगळं एका वाक्यात परत मिळेल. आणि ते वाक्य मी अर्धं उच्चारलंच होतं. स्मशानाच्या फाटकापाशी. उरलेलं अर्धं मागायला हे आज आले होते. मी लवत गेलो म्हणून त्यांची मागणी वाढत गेली. माझ्या त्या नम्रतेत क्षमा नव्हती. भीती होती.

मी म्हणालो, "नाही, काका."

"काय नाही?"

"मी सोडलं नाही. सोडत नाही. आईला शेवटपर्यंत जिनं आंघोळ घातली ती सुशीला दीदी माझी बहीण आहे. त्या दिवशी तुम्ही विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. आणि ज्यानं तिला माझ्या दारात पाठवलं, त्याला नाकारून मी आईला निरोप देणार नाही. आईचा जीव कशात अडकला असेल तर तो देवाला माहीत. तुम्ही तिच्या जिवाचा दोर करून माझ्या गळ्यात बांधू नका."

माझा आवाज चढला नव्हता. तरी नेहा एक पाऊल मागे सरकली.

"पाहा," काका लोकांकडे वळून म्हणाले, "मायपेक्षा याले तो गोरा देव मोठा!"

 गुरुजींनी तोवर दर्भाच्या काड्या गुंडाळून लहानसा कावळा केला होता. त्यांनी तो सुधीरच्या हाती दिला. गवताची चोच पिंडाला टेकली. सगळ्यांनी हात जोडले. विधी पूर्ण झाला. क्षणात झाला. इतकी सोपी सोय धर्माने ठेवली होती. ती माझ्या माणसांनी मला वाकवण्यासाठी अडवून धरली होती.

मी घाटाच्या पायऱ्यांवर एकटा रडलो. आईसाठी रडलो. त्या रडण्यात पश्चात्ताप होता, पण 'नाही' म्हटल्याचा नव्हता.

घरी जाण्याआधी सुशीला दीदीकडे गेलो आणि फाटकापाशी बोललेल्या शब्दाची माफी मागितली. ती तांदूळ निवडत होती. हातातलं सूप तिने बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "मोला अब्बड़ पीरा होइस, भैया." मला फार दुखलं, भैया. तिने ते दडवलं नाही, याबद्दल मी तिचा कृतज्ञ आहे.

तेरवीच्या आदल्या दिवशी सुधीरचा पुन्हा फोन आला. "दादा, काका ऐकत नाहीत. तू मागच्या दारानं ये. अंगणात तुझं पान वेगळं वाढतो. कोणाले दिसणार नाही."

तो रडत होता. माझा धाकटा भाऊ आहे. मला त्याच्यावर राग नाही.

मी त्याला सांगितलं, "मी येणार नाही. पुढच्या दारानं, पंगतीत, सुशीला दीदीसोबत बोलावशील त्या दिवशी येईन. त्याआधी नाही."

तसं बोलावणं बहुधा या जन्मी येणार नाही. अट तीच राहील.