वायरलेस स्पीकर आणि आत्याचा आवाज

मंडळी, दुपारी मी इथे लिहिलं की दादाने आणलेले वायरलेस स्पीकर खराब निघाले. ते चुकीचं होतं, म्हणून आधी दुरुस्ती करते. स्पीकर चांगले आहेत.

आमची आत्या कोन गावात राहते. ती धवलारीण, म्हणजे लग्नात धवले गाणारी. शाळेआधी महिने, तिथी, नाती मी तिच्याकडूनच शिकले. गेल्या वर्षी तिच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि गाणं थांबलं. स्वतःचं गाणं तिने कधी बाहेरून ऐकलंच नव्हतं. म्हणून आज तिला घरी बोलावलं, भिंतीवर प्रोजेक्टर लावला आणि दादाच्या लग्नाची सीडी सुरू केली.

चित्र सुंदर आलं. स्पीकरमधून मात्र नुसती घरघर, आणि तिच्याआड कुठेतरी आत्या. मी पिना काढल्या, घातल्या, चॅनल बदलले.

"किती खुडबुड करशील? सगळं उडवशील," दादा ओरडला.

आत्या हळूच म्हणाली, "ऱ्हाऊ दे गो बाय. माजा आवाजच तसा हाय. लोका उगाच चांगला बोलत व्हती."

आणि ती रिक्षाने निघूनही गेली.

संध्याकाळी सीडी चालू ठेवून मी अजून पिनाच तपासत होते. शिफ्ट बदलताना शेजारच्या कारखान्यातले लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, थांबले आणि त्याच क्षणी आत्याचा आवाज घरभर स्वच्छ घुमला. लूमच्या मोटारींमुळे स्पीकरमध्ये घरघर येत होती! इतका संताप आला की रडू फुटलं.

आत्याला फोन केला तर म्हणते, "माजी समजूत नको घालू."

तुम्ही तिला कसं पटवलं असतं? मला एकच सुचतं. शुक्रवारी लूम बंद असतात. येत्या शुक्रवारी सकाळी मी कोनला जाऊन तिला घेऊन येणार.