गालावर पहारा

किस्से कुठल्याही धंद्यात साचतात, पण जिथे कुणाचा कुणावर भरवसा नसतो तिथे जरा जास्तच!

वऱ्हाड मध्यप्रांतात होतं तेव्हा अमरावतीला मी एका कानाच्या डॉक्टरांचा असिस्टंट होतो. कानामागचं हाड सडलं की डॉक्टर ते छिन्नी-हातोडीनं कोरत. चेहरा हलवणारी नस तिथूनच जाते. तिला धक्का लागला तर तोंड जन्माचं वाकडं! म्हणून माझं काम एकच. क्लोरोफॉर्म दिलेल्या पेशंटच्या गालाकडे बघत बसायचं आणि गाल फडफडला की ओरडायचं.

डॉक्टरांना माझाच संशय. दर दोन ठोक्यांनी विचारत, "जागा आहेस ना?" एकदा मी जीव खाऊन ओरडलो, "हललं!" छिन्नी जागच्या जागी थांबली. बघतो तर गालावर माशी! "आता तिलाही क्लोरोफॉर्म दे," डॉक्टर म्हणाले.

अकोल्याचे एक वकील ऑपरेशनआधी स्टुडिओत फोटो काढून आले. पुरावा म्हणून! शुद्धीवर येताच आरसा मागवला. "डावी भुवई खाली आली!" डॉक्टरांनी फोटो पुढे केला. भुवई त्यातही खालीच. वकीलसाहेबांनी फोटोवाल्याला नोटीस पाठवली!

आणि अंजनगावच्या माळ्याची ती सून. तिच्या वेळी गाल फडफडला असं मला वाटलं, पण माशीच्या धाकानं मी क्षणभर उशिरा ओरडलो. त्या क्षणाची भीती अजून जात नाही. दुसऱ्या दिवशी, तोंड दोन्हीकडून सारखं हलतंय का ते बघायला, डॉक्टर म्हणाले, "बाई, जरा दात दाखव." बाई मान खाली घालून दगडासारखी बसली. सासऱ्यासमोर दात कसे दाखवणार?

"बाबा, जरा बाहेर थांबा."

"मी बाहेर गेलो का तुमी काहीबी सांगसान! नस कापली तुमी तिची. म्हनून तोंड हालत नाही!"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी सवयीनं तिच्या गालाकडे बघायला लागलो. म्हातारा हलेना, सून हसेना.

तिच्या माहेरून, तिवशाहून, संत्र्यांची टोपली आली होती. पहारा देता देता म्हाताऱ्यानं एक सोललं, फोड तोंडात टाकली आणि थुंकली. "आंबट! तिच्या बापाचा मालच असा!"

सुनेनं झटकन मान वर केली. दोन्ही भुवया चढल्या, दोन्ही नाकपुड्या फुगल्या, दोन्हीकडून ओठ सारखेच आवळले गेले.

डॉक्टर मटकन स्टुलावर बसले आणि म्हाताऱ्यापुढे त्यांनी चक्क हात जोडले.

"बाबा, अजून एकदा नावं ठेवा!"